हाताला यंत्राची साथ, मेंदूला विजेची: पक्षाघातानंतरच्या एका जोडउपचाराविषयी

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर घरच्या माणसांचे पहिले लक्ष पायाकडे असते. रुग्ण उभा राहिला, चार पावले चालला, काठीच्या आधाराने का होईना न्हाणीघरापर्यंत गेला, की घराला धीर येतो. हाताचे दुःख त्यानंतर हळूहळू समोर येते. सदऱ्याची गुंडी लागत नाही, कांदा चिरताना तो दुसऱ्या हाताने धरून ठेवता येत नाही, पायजम्याची नाडी बांधायला कोणाला तरी हाक मारावी लागते. ताठरलेला पाय निदान खांबासारखा आधार देतो आणि चालणे कसेबसे जमते. ताठरलेला हात मात्र छातीशी मुडपून पडून राहतो. शिवाय दुसरा हात शाबूत असल्यामुळे रुग्ण सगळी कामे त्याच हाताने उरकू लागतो, आणि दुखावलेल्या हाताचा उरलासुरला सरावही थांबतो.

या हातासाठी गेली सुमारे वीस वर्षे एक जोडउपचार तपासला जात आहे: कवटीच्या बाहेरून मेंदूला सौम्य वीज किंवा चुंबकीय स्पंद द्यायचे आणि त्याच सुमारास रोबॉटच्या मदतीने हाताकडून शेकडो वेळा हालचाल करवून घ्यायची. ऐकताना हे फार आशादायक वाटते, आणि जाहिरातींमध्ये तर त्याहूनही अधिक. त्यामागची कल्पना खरोखर सुंदर आहे, पण आजवरच्या मोठ्या चाचण्यांचा निकाल त्या कल्पनेइतका गोड नाही. ज्या कुटुंबाला या उपचारावर पैसा आणि महिने खर्च करायचे आहेत, त्याला या दोन्ही गोष्टी कळायला हव्यात.

हात हलवण्याची आज्ञा मेंदूच्या ज्या पट्ट्यातून निघते, त्याला प्रेरक क्षेत्र म्हणतात. तिथल्या चेतापेशींचे लांब तंतू खाली उतरतात, मेंदूच्या देठात बहुतांश तंतू बाजू बदलतात आणि मज्जारज्जूतून हाताच्या स्नायूंकडे जाणाऱ्या चेतांपर्यंत पोहोचतात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात लुळा पडतो. प्रेरक क्षेत्रात बोटांना आणि अंगठ्याला दिलेली जागा त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी आहे, आणि या भागाला रक्त पुरवणारी मधली धमनी हीच पक्षाघातात वारंवार तुंबणारी धमनी आहे. पायाचे क्षेत्र बरेचसे दुसऱ्या धमनीवर अवलंबून असते. हाताला जास्त फटका बसण्याचे हे एक साधे, शरीररचनेतले कारण आहे.

मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. परत येते ते काम, आणि तेही शेजारच्या पेशींनी ते उचलले तरच. अमेरिकेतील संशोधक रँडॉल्फ न्यूडो यांनी १९९६ मध्ये माकडांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. माकडांच्या मेंदूतील हाताच्या क्षेत्रात छोटीशी इजा केल्यानंतर काही माकडांकडून लहान खळग्यांतून खाऊ उचलण्याचा सराव रोज करवून घेतला. ज्यांनी सराव केला, त्यांच्या मेंदूत हाताची उरलेली जागा टिकली आणि काहींच्या बाबतीत शेजारच्या भागातही पसरली. पूर्वी ज्या माकडांना सराव दिला नव्हता, त्यांच्यात मात्र इजा न झालेली जागाही आक्रसत गेल्याचे दिसले होते. न वापरलेला हात मेंदूच्या नकाशावरूनही पुसला जातो, हे यातून समजले.

पण सराव किती? अशा प्राणिप्रयोगांत एका दिवसात शेकडो पुनरावृत्त्या होतात. प्रत्यक्ष फिजिओथेरपीच्या सत्रांत काय घडते हे अमेरिकेत २००९ मध्ये कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले, तेव्हा हाताच्या उपयुक्त हालचालींची सरासरी एका सत्रात अवघी ३२ भरली. यात थेरपिस्टांचा दोष नाही. लुळा हात उचलून धरणे, खांदा जपणे, चालण्याचा सराव घेणे, रुग्णाला विश्रांती देणे, हे सगळे त्याच वेळात बसवायचे असते आणि उपचार करणाऱ्यालाही दोनच हात असतात.

रोबॉट नेमका इथे उपयोगी पडतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९८९ पासून एमआयटी-मानुस नावाचे यंत्र घडवायला सुरुवात केली. रोबॉट म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणाऱ्या माणसासारख्या आकृतीचा इथे काही संबंध नाही. रुग्ण टेबलाशी बसतो, त्याचा हात एका आधारात ठेवून यांत्रिक भुजेला जोडलेला असतो, आणि समोरच्या पडद्यावर वर्तुळात मांडलेल्या लक्ष्यांकडे त्याला हात न्यायचा असतो. त्याने स्वतः हात नेला तर यंत्र गप्प राहते. तो अडला, थांबला किंवा वाट चुकला तर यंत्र हलकेच मदत करते. कारखान्यातला रोबॉट आपल्या ठरलेल्या मार्गावरून हटत नाही. हे यंत्र मात्र रुग्णाच्या हाताने ढकलले की सरकते. या लवचीकपणामुळेच रुग्ण यंत्राच्या हातातले बाहुले होत नाही. हालचाल करण्याचा प्रयत्न त्यालाच करावा लागतो, आणि मेंदूतला बदल त्या प्रयत्नातूनच घडतो. अशा तासाभराच्या सत्रात हजाराच्या आसपास हालचाली होऊ शकतात.

नुसत्या रोबॉटचे निकाल आधी पाहिले पाहिजेत, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. पक्षाघात होऊन किमान सहा महिने उलटलेल्या १२७ रुग्णांना तीन गटांत विभागले होते. एका गटाला १२ आठवड्यांत रोबॉटची ३६ सत्रे मिळाली, दुसऱ्याला तितक्याच पुनरावृत्त्या थेरपिस्टच्या हातून मिळाल्या, आणि तिसऱ्याला नेहमीची देखभाल मिळाली. १२ आठवड्यांनंतर गटांमध्ये ठोस फरक नव्हता. ३६ आठवड्यांनंतर रोबॉटचा गट नेहमीच्या देखभालीपेक्षा थोडा पुढे होता. हातून घेतलेल्या तितक्याच मेहनतीच्या गटापेक्षा मात्र पुढे नव्हता. या एका निकालात पुष्कळ काही आहे. ज्यांचा हात आता सुधारणारच नाही असे घरोघरी सांगितले जाते, असे जुने रुग्णही सुधारू शकतात. पण सुधारणा घडते ती पुनरावृत्त्यांमुळे. त्या यंत्राने करवून घेतल्या की माणसाने, याने मोठा फरक पडत नाही.

ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या चाचणीने २०१९ मध्ये आणखी एक सावधगिरीची सूचना दिली. तिथे रोबॉटमुळे हाताच्या हालचालीत थोडी सुधारणा दिसली, पण ती पेला उचलणे किंवा कपडे घालणे अशा कामांपर्यंत पोहोचली नाही. टेबलावर हात पुढे-मागे सरकवता येणे आणि ताटातला घास तोंडापर्यंत नेता येणे यांत बोटांची पकड, मनगटाचा तोल आणि खांद्याची उचल असे बरेच काही असते, आणि ते वेगळे शिकावे लागते.

आता विजेकडे वळू. मेंदूवर विजेचा परिणाम होतो हे ज्ञान जुने आहे. बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी १८७० मध्येच कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला वीज लावून त्याच्या विरुद्ध बाजूच्या पायाचे स्नायू हलवून दाखवले होते. आज पुनर्वसनात दोन पद्धती मुख्यतः वापरल्या जातात. पहिली टीडीसीएस, म्हणजे कवटीबाहेरून एकाच दिशेच्या विजेने दिलेले उद्दीपन. यात मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांतील दोन पट्ट्या डोक्यावर ठेवून साधारण २० मिनिटे १ ते २ मिलिअँपिअर इतका एकाच दिशेने वाहणारा प्रवाह दिला जातो. त्यातला बराचसा प्रवाह त्वचेतून आणि कवटीवरूनच वाहून जातो आणि मेंदूपर्यंत थोडाच पोहोचतो. त्याने चेतापेशी थेट पेटून उठत नाहीत. त्या संदेश सोडण्याच्या उंबरठ्याच्या किंचित जवळ येतात किंवा किंचित दूर जातात, एवढेच. गटिंगेन येथे मायकेल नित्शे आणि वॉल्टर पाउलस यांनी २००० मध्ये दाखवले की धन पट्टीखालील प्रेरक क्षेत्र अधिक तत्पर होते, आणि प्रवाह काही मिनिटे चालू ठेवला तर तो बंद केल्यानंतरही ही तत्परता काही काळ टिकते.

दुसरी पद्धत चुंबकीय. शेफिल्ड येथील अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडून, कवटी न उघडता आणि वेदना न होता, बोटे हलवून दाखवली. बदलते चुंबकीय क्षेत्र कवटीतून सहज पार जाते आणि आतल्या मेंदूत वीज निर्माण करते. या स्पंदात चेतापेशींना प्रत्यक्ष चेतवण्याइतकी ताकद असते. स्पंद सावकाश, म्हणजे सेकंदाला एक अशा गतीने, बराच वेळ दिले तर त्या भागाची तत्परता साधारणपणे कमी होते. वेगाने दिले तर वाढते.

मग कोणता भाग जागवायचा आणि कोणता शांत करायचा? मेंदूचे दोन्ही अर्धगोल तंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात आणि एकमेकांना आवर घालतात. पक्षाघातानंतर इजा झालेली बाजू दुबळी होते, निरोगी बाजू तिच्यावर अवाजवी दाब टाकते आणि हात सुधारत नाही, असा सिद्धांत बरीच वर्षे प्रचलित होता. त्यावरून उपचाराचा आराखडा ठरला: इजेच्या बाजूला उत्तेजन, निरोगी बाजूला आवर.

रोबॉटशी जोड देण्यामागची कल्पना शेतकऱ्याला चटकन कळेल. पावसानंतर जमिनीला वाफसा आल्यावर पेरणी करायची असते. कोरड्या ढेकळांत टाकलेले बी वाया जाते, आणि वाफसा येऊनही पेरलेच नाही तर नुसत्या ओलीवर तणच माजते. उद्दीपनाने, म्हणजे या विजेने किंवा चुंबकीय स्पंदांनी, मेंदूला वाफसा आणायचा आणि रोबॉटने त्या वेळात भरघोस पेरणी करायची, असा हा विचार आहे. नुसते उद्दीपन घेऊन हात बरा होईल असे म्हणणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. सरावाशिवाय उद्दीपनाला या सिद्धांतातही स्थान नाही.

वेळेचे महत्त्वही लहान अभ्यासांत दिसले. जुना पक्षाघात असलेल्या १२ रुग्णांवरील २०१३ च्या एका अभ्यासात मनगटाच्या रोबॉटच्या सरावाआधी टीडीसीएस दिल्यावर हालचाल अधिक सफाईदार झाली, सरावाच्या वेळीच दिल्यावर फरक पडला नाही, आणि सरावानंतर दिल्यावर हालचालीचा वेग उलट घटला. बारा जणांवरून नियम बांधता येत नाही. पण तोच प्रवाह, तितकाच वेळ आणि केवळ क्रम बदलल्याने परिणाम उलटू शकतो, ही शक्यता घरी मागवलेल्या यंत्राच्या पट्ट्या डोक्याला लावू पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

मोठ्या चाचण्यांकडे येताना एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. टीडीसीएसची खरीखुरी परीक्षा घ्यायची तर तुलनेच्या गटालाही डोक्यावर पट्ट्या लावाव्या लागतात, सुरुवातीला काही सेकंद प्रवाह देऊन मुंग्या आल्याची जाणीव करून द्यावी लागते आणि मग प्रवाह गुपचूप बंद करावा लागतो. हे लटके उद्दीपन. दोन्ही गटांना रोबॉटचा सराव सारखाच मिळतो.

जर्मनीत स्टेफान हेसे यांच्या गटाने २०११ मध्ये अशी चाचणी प्रसिद्ध केली. झटका येऊन काही आठवडेच झालेले आणि हात जवळजवळ निकामी झालेले ९६ रुग्ण त्यात होते. दोन्ही हातांनी मुठी धरून मनगटे आणि बाहू फिरवण्याचे यंत्र, सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, आणि सोबत २० मिनिटे २ मिलिअँपिअर प्रवाह. एका गटाला इजेच्या बाजूला उत्तेजन, दुसऱ्याला निरोगी बाजूला आवर, तिसऱ्याला लटके उद्दीपन. तिन्ही गटांत सुधारणा झाली आणि ती सारखीच होती. पुढे न्यूयॉर्क राज्यातील व्हाइट प्लेन्स येथे डिलन एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी जुना पक्षाघात असलेल्या सुमारे ८० रुग्णांना आधी टीडीसीएस आणि मग रोबॉटचा सराव अशी १२ आठवड्यांत ३६ सत्रे दिली. निकाल २०१९ मध्ये आला: खरे उद्दीपन मिळालेले आणि लटके उद्दीपन मिळालेले, दोघेही चांगले सुधारले आणि दोघांत फरक नव्हता. चुंबकीय स्पंदांची अवस्थाही फार वेगळी नाही. रोबॉट नसलेल्या, पण निरोगी बाजूला आवर घालून नेहमीची थेरपी देणाऱ्या १९९ रुग्णांच्या अमेरिकेतील चाचणीतही २०१८ मध्ये हेच दिसले.

हे निकाल मला निराशाजनक वाटत नाहीत. झटका येऊन वर्षे उलटलेली माणसे पुरेशा सरावाने सुधारली, ही त्यातली बातमी आहे. फक्त तिचे श्रेय डोक्यावरच्या पट्ट्यांना देता येत नाही, आणि म्हणून सरावाच्या जोडीला पट्ट्यांचे वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

फरक का पडला नसावा, याची काही कारणे आज बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. पक्षाघाताने मेंदूत पोकळी होते आणि ती पाण्यासारख्या द्रवाने भरते. हा द्रव विजेचा चांगला वाहक असल्यामुळे प्रवाह ठरवलेली वाट सोडून तिथून वाहतो. पट्टी सगळ्यांच्या डोक्यावर त्याच जागी ठेवली, तरी आत पोहोचणारी वीज प्रत्येकाची वेगळी असते. धडधाकट माणसांतही सगळ्यांचा मेंदू अपेक्षित दिशेने प्रतिसाद देत नाही. प्रवाह वाढवला की परिणाम वाढेल हेही खरे नाही. आवर घालणारा म्हणून ओळखला जाणारा प्रवाह १ ऐवजी २ मिलिअँपिअर केला तेव्हा तो उलट उत्तेजक ठरल्याचे २०१३ मध्ये निरोगी माणसांत दिसले. मेंदू आपला समतोल राखू पाहतो आणि बाहेरच्या रेट्याला कधी कधी उलटे उत्तर देतो.

सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र मूळ सिद्धांतातच आहे. निरोगी बाजू दर वेळी शत्रूसारखी वागत नाही. ज्याच्या इजा झालेल्या बाजूचे तंतू बऱ्यापैकी शाबूत आहेत, त्याच्या बाबतीत निरोगी बाजूला आवर घालणे कदाचित उपयोगी असेल. ज्याचे तंतू जवळजवळ तुटले आहेत, त्याचा हात जो काही हलतो तो निरोगी बाजूच्या मदतीनेच हलत असण्याची शक्यता आहे, आणि तिथे ती बाजू दाबणे म्हणजे आधाराची काठी काढून घेणे. दोन्ही प्रकारच्या रुग्णांना एकाच चाचणीत एकच उपचार दिला तर फायदा आणि तोटा एकमेकांना खोडून काढतील.

वेळ साधण्याचा मुद्दा पुढे नेणारे एक उदाहरण शेजारच्या क्षेत्रातले आहे. मेंदूपासून मानेतून छाती-पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेभोवती मानेत छोटी तार शस्त्रक्रियेने बसवायची, आणि रुग्ण हाताची हालचाल करत असताना त्याच क्षणी थेरपिस्टने बटण दाबून अर्ध्या सेकंदाचा विजेचा झटका द्यायचा, अशी ही पद्धत. ब्रिटन आणि अमेरिकेतील १०८ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. हाताच्या हालचालीसाठी ६६ गुणांची फुगल-मेयर मोजपट्टी वापरतात. सहा आठवड्यांच्या उपचारानंतर खऱ्या उद्दीपनाच्या गटात सरासरी ५ गुणांची, तर लटक्या गटात २.४ गुणांची सुधारणा झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. इथे २० मिनिटे सरसकट प्रवाह वाहत नाही; प्रत्येक हालचालीला तिचा स्वतःचा इशारा मिळतो. फरकाचे मूळ यातच असावे असे मला वाटते, पण ही शस्त्रक्रिया आहे आणि तिचा खर्च व जोखीम वेगळी आहे, हे विसरून चालणार नाही.

भारतात रोबॉटची किंमत हाच मोठा अडसर आहे. म्हणून वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून घडवलेले प्लूटो हे हाताच्या सरावाचे छोटे यंत्र मला महत्त्वाचे वाटते. एकाच मोटरला वेगवेगळ्या मुठी जोडून मनगट, बाहू आणि बोटांची पकड यांचा सराव त्यावर करता येतो. दिल्लीतही आयआयटी आणि एम्स यांनी मनगट व बोटांसाठी असेच यंत्र विकसित केले आहे.

एखादे केंद्र रोबॉट आणि उद्दीपन यांचा एकत्रित कार्यक्रम सुचवत असेल, तर सत्रात प्रत्यक्ष किती पुनरावृत्त्या होणार, यंत्रावर कमावलेली हालचाल पेला धरणे किंवा गुंडी लावणे अशा कामात उतरवण्यासाठी वेगळा वेळ ठेवला आहे का, आणि घरी रोज काय करायचे, हे आधी विचारावे. डोक्यात धातूची चकती किंवा क्लिप असेल, हृदयात पेसमेकर किंवा कानात शस्त्रक्रियेने बसवलेले श्रवणयंत्र असेल, फिट्स येत असतील, किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेत कवटीचा तुकडा काढलेला असेल, तर ते न विचारताच सांगावे. टीडीसीएसमध्ये पट्टीखाली खाज, मुंग्या आणि लाली एवढाच त्रास बहुतेकांना होतो. चुंबकीय उद्दीपनात क्वचित फिट येण्याचा धोका असतो.

आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे: या रुग्णाचे मेंदूपासून हातापर्यंतचे तंतू किती शाबूत आहेत, हे कोणी तपासले का? चुंबकाचा एकच स्पंद देऊन हाताच्या स्नायूत प्रतिसाद उमटतो का हे पाहता येते. न्यूझीलंडमध्ये कॅथी स्टिनियर यांच्या गटाने झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील खांद्याची आणि बोटांची ताकद, वय आणि गरज पडल्यास हा चुंबकीय प्रतिसाद यांवरून हाताचा पुढचा अंदाज बांधण्याची रीत बसवली आहे. उद्दीपनाचा उपयोग कोणाला होईल आणि कोणाला होणार नाही, हे यापुढच्या चाचण्यांना याच प्रकारे, रुग्ण निवडण्याच्या आधीच, ठरवावे लागेल.